हंगामाला साठ मालिका आणि त्यात एक नाव

कुणी म्हणजे कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, कारखान्यातल्या ओगिवाराबाईंनी नाही, आणि तुम्हीही ठेवणार नाही, मला ठाऊक आहे, पण ऐकून तर घ्या. अहो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सकाळचे साडेपाच, एका हातात मिसोच्या सूपची पळी, दुसऱ्या हातात रिमोट, समोर टीव्ही आणि टीव्हीवर आमच्या पोरीचं नाव. तानाबे नात्सुहो. खालून आलं, वर सरकलं, गेलं. शिंकेला लागतो तेवढा वेळसुद्धा नाही. मी हाका मारल्या, "अहो, या, लवकर या, नात्सुचं नाव आलंय," तर आमचे हे आतून म्हणतात कसे, "दात घासतोय."

घासा. साडेतीन वर्षांनी पोरीचं नाव पडद्यावर आलंय आणि ह्यांचे दात. बरं, तोंड पुसत पुसत स्वारी बाहेर येईपर्यंत पडद्यावर काय, तर नुसती निळी पाटी. कारण मधल्या वेळात त्या रेकॉर्डरने मला विचारलं, 'बघून झालेला कार्यक्रम पुसू का?' आणि माझा अंगठा 'हो' म्हणाला. मी नाही म्हणाले, अंगठा म्हणाला. साडेतीन वर्षं मालिका बघून पुसायची सवय लागलेला अंगठा तो, त्याला काय माहीत आज नाव आलंय म्हणून? आता यात माझी काही चूक आहे का, सांगा.

हे निळ्या पाटीकडे बघत उभे राहिले, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "सूप उकळतंय." झालं. संपला विषय.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही ह्यांच्यासारखी सुपावर नेऊन ठेवाल गोष्ट.

आमची नात्सुहो साडेतीन वर्षांपूर्वी तोक्योला गेली, ॲनिमेची, म्हणजे टीव्हीवरच्या त्या कार्टून मालिकांची, चित्रं काढायला. म्हणजे मोठी चित्रं नव्हेत, मोठी चित्रं मोठी माणसं काढतात. एका चित्रात हात खाली आहे, दुसऱ्या चित्रात हात वर आहे, तर तो हात खालून वर नेणारी मधली दहा-बारा चित्रं असतात ना, ती ही काढते. बापाला समजावून सांगायला बसली बिचारी, कागदावर काढूनही दाखवलं. तर हे म्हणाले, "म्हणजे हात सुरू करणारा दुसरा, हात संपवणारा दुसरा, आणि तू नुसती मधे?" काय बोलणं झालं हे पोटच्या पोरीशी?

पण ह्यांचंही असं आहे की हे नावाचे शिक्के कोरतात, सहीऐवजी मारायचे. आमच्या ग्योदा गावात स्टेशनामागे ह्यांच्या आजोबांपासूनचं दुकान आहे. घर घ्यायचं शिक्का, बँकेत जायचं शिक्का, लग्न नोंदवायचं शिक्का, आणि माणूस मेला तरी कागदावर शिक्का मारल्याशिवाय कुणी मानत नाही. अशा माणसाला सगळं जग म्हणजे नाव. हे म्हणाले, "जिथे नाव नाही ते काम नाही. ज्या दिवशी पडद्यावर आपलं नाव मला दिसेल, त्या दिवशी या घरात ये." आणि पोरगी तरी कुणाची? ती म्हणाली, "येईल तेव्हा तुम्हीच शोधून बघा. कुठल्या मालिकेत आहे ते मी सांगणार नाही." बूट चढवले आणि गेली. तीन नवी वर्षं आली नि गेली. तिन्ही वेळा मी मोचीचं, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांचं, सूप तीन वाट्यांत वाढलं आणि तिसरी वाटी मीच खाल्ली, गार झालेली, मोची दगडासारखी.

दोघांनी आपापल्या शपथा घेतल्या आणि दोघं गप्प. मग शोधायचं कुणी? मी. माझं शिक्षण ते काय, शाळेत खिडकीशी बसून जेवढं झालं तेवढं. तबी शिवते मी, आपले अंगठा वेगळा असणारे मोजे. त्यातही अंगठ्याकडची गोल शिवण, जी कारखान्यात चौघींनाच येते, त्यातली एक मी. सुई कशी वळवायची विचारा. ॲनिमेतलं मला काय कळतंय?

आणि हे ॲनिमे काय एक असतं का? वर्षाचे चार हंगाम. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दर हंगामाला पन्नास-साठ नव्या मालिका. जुन्या संपतात न संपतात तोच नवी यादी हजर, तिच्यावर टपाल तिकिटाएवढी चित्रं, सगळ्यांचे डोळे बशीएवढे, कुणाचे केस गुलाबी, कुणाचे हिरवे. आणि नावं? एकेक नाव म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. 'मेल्यावर मी राजवाड्यात छत्र्यांचं स्टँड झाले, पण इथे पाऊसच पडत नाही.' हे नाव आहे हो, हे नुसतं नाव आहे. दुसरीत पाच लोणची देखणे तरुण होऊन गात असतात, त्यातला मुळ्याचा उंच आणि सदा रागावलेला. लोकांचं सोपं असतं. चित्र आवडलं, आवाज आवडला, गोष्ट बरी वाटली, घेतली. मी कशावरून निवडू? मला गोष्ट नकोच आहे, मला शेवटची दीड मिनिटं हवीत, गाणं लागतं आणि तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत नावं सरकतात ती. बरं, नुसती शेवटाकडे पळवावी म्हटलं तर काही शहाणे नावं मधेच टाकतात, कुणीतरी मरतंय, कुणीतरी रडतंय आणि रडणारीच्या नाकावरून नावं चाललीत. म्हणजे सगळंच बघा. बघितलं मी. साडेतीन वर्षं बघितलं.

त्यात वेळेचा घोळ. यादीत लिहिलेलं, 'शुक्रवार, पंचवीस वाजून तीस मिनिटं'. मी ह्यांना विचारलं, "पंचवीस कधी वाजतात हो?" हे म्हणाले, "वाजत नाहीत." म्हणजे मीच खोटी. मग मी आपली हाताने वेळ लावली, शुक्रवार, दीड वाजता. तीन आठवडे आमच्या रेकॉर्डरने एका माणसाला साठवलं, तो गाद्या विकतो आणि गादीवर अंडं ठेवून वर उडी मारतो. अंडं फुटत नाही. तिसऱ्या आठवड्यात ओगिवाराबाई पोट धरून हसल्या. "अहो तोकिएबाई, टीव्हीवाल्यांचा शुक्रवार लोक झोपेपर्यंत चालतो. त्यांचे पंचवीस म्हणजे आपला शनिवार." मग शनिवार लिहायला टीव्हीवाल्यांच्या हाताला काय झालं होतं? आता यात माझी काही चूक आहे का?

ह्या ओगिवाराबाई माझ्या शेजारच्या मशीनवर टाचेची शिवण घालतात. वय एकाहत्तर, ॲनिमेत मुरलेली बाई. त्यांनी मला नियम शिकवला. "तीन भाग बघायचे. तिसऱ्यापर्यंत पटलं नाही तर कापायचं. आमच्यात सगळे असंच करतात." आणि वर उसासा टाकून म्हणाल्या, "संसाराला हा नियम लावला असता तर मी केव्हाच सुटले असते."

आमचा रेकॉर्डर एका वेळी दोनच कार्यक्रम धरतो, आणि पोट त्याचं भरत आलेलं. मग मीही कापायला लागले. तीन भागांत नात्सुचं नाव नाही, काप. पुढची. नाव नाही, काप. लोणची कापली, राक्षस कापले, शाळेतल्या पोरींचा मासेमारीचं जाळं विणायचा क्लब होता, तो बरा होता हो, ती एक जाडी मुलगी गाठी फार सुंदर मारायची, पण नाव नाही म्हणजे नाही, काप. एकदा मशीनवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं, आणि सुई तिथल्या तिथे थांबली. तिचं नाव चौथ्या भागात असलं तर? मधली चित्रं काढणारी माणसं काय, आज ह्या भागाला तर तीन आठवड्यांनी त्या भागाला. म्हणजे मी साडेतीन वर्षं पोरीला दारापर्यंत आलेली बघून दार लावून घेतलं की काय? ओगिवाराबाईंना विचारलं तर म्हणतात, "नियम म्हणजे काही कायदा नव्हे." आता सांगतायत.

म्हणून ह्या ऑक्टोबरला ठरवलं, थोड्याच घ्यायच्या, पण शेवटपर्यंत न्यायच्या. कुठल्या घ्यायच्या? पोरीला फोन केला. सरळ विचारलं तर ती सांगणार नाही, म्हणून वळसा घालून.

"सध्या काय काढतेस ग?"

"हात."

"कसला हात? म्हणजे हातात तलवार वगैरे आहे का?"

"आई."

"बरं, राहिलं. केस कुठल्या रंगाचे आहेत एवढं सांग."

"आई, रंग भरणारे वेगळे असतात. मी ठेवते फोन. मनगट गेलंय माझं, छत्र्या उघडून उघडून."

आणि ठेवला. पण छत्र्या म्हणाली ना? मी यादी घेतली, भिंग घेतलं, आणि त्या टपाल तिकिटांत छत्र्या शोधत बसले. तीन मालिकांत छत्री सापडली. एकीत नुसती भिंतीला टेकलेली, ती सोडली, टेकलेल्या छत्रीने कुणाचं मनगट जात नाही. दुसरीत छत्री घेतलेला गुप्तहेर, तो घेतला. आणि तिसरं ते राजवाड्यातलं स्टँड, ते तर घेतलंच. तुम्हीच सांगा, ह्याहून विचार करून कुणी मालिका निवडली असेल का? कारखान्यात सांगितलं तर ओगिवाराबाई म्हणतात, "स्टँड? ते मी पहिल्याच भागात कापलं. मेलेली मुलगी बारा मिनिटं नुसती कोपऱ्यात उभी." अहो, स्टँड आहे ती. ती काय नाचणार आहे?

आणि त्या स्टँडच्याच चौथ्या भागात नाव आलं. ते मी तुम्हाला सांगितलंच, पळी, रिमोट, दात, निळी पाटी. आता त्याच्यापुढचं ऐका.

त्या दिवशी मी कारखान्यात सांगितलं तर ओगिवाराबाई म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर बघून घ्या, तोकिएबाई." नात्सुला फोन केला, "अग, तुझं नाव बघितलं मी." ती हळूच म्हणते, "बाबांनी बघितलं?" मी म्हटलं, नाही, ते दात घासत होते. "मग राहू दे," म्हणाली. एवढंच. हो नाही, नाही नाही.

मी मग कपाटातून तबीचं जाड कापड काढलं आणि दर शनिवारी सकाळी अंगठा बांधून टीव्हीसमोर बसायला लागले. हो, बांधून. हे म्हणाले, "काय लागलं?" मी म्हटलं, "काही नाही, ह्याला आवरलंय." पाचव्या भागात नाव नाही. सहाव्यात नाही. सहाव्यात त्या स्टँडला पहिल्यांदा कुणीतरी ओली छत्री ठेवली आणि ती रडली, म्हणजे स्टँड रडलं, आणि मीही थोडी, पण नाव नाही. सातव्या भागात गाणं लागलं, नावं सरकायला लागली, मधली चित्रं काढणाऱ्यांच्या नावांचा गठ्ठा आला आणि मी दुसऱ्या हाताने, बांधलेल्या नव्हे, थांबवलं. थांबलं. पडद्याच्या अगदी मधोमध. तानाबे नात्सुहो.

मी रिमोट टीव्हीवर ठेवला, चार पावलं मागे गेले, दोन्ही हात पाठीशी धरले आणि हाक मारली. आज दात घासून झाले होते. हे आले, गुडघ्यावर बसले, खिशातून कोरताना डोळ्याला लावतात ते भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि नाक पडद्याला टेकवलं. किती वेळ ते नाक तिथे होतं म्हणता! मी मनात म्हणत होते, बघा, बघा नीट, अक्षरन् अक्षर बघा.

हे उठले आणि म्हणाले, "ही आपली नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"हे 'बे' आपलं नाही. हे पाच रेघांचं आहे. आपलं एकोणीस रेघांचं."

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. तानाबेमधलं 'बे' हे अक्षर दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. एक साधं, पाच रेघांचं, सगळं जग लिहितं ते. आणि एक जुनं, एकोणीस रेघांचं, ह्यांच्या घराण्याचं. त्यात वर 'स्वतः' हे अक्षर, त्याच्याखाली 'भोक', त्याच्याखाली 'दिशा', आणि सगळ्याला खालून वळसा. मी लग्न होऊन आले तेव्हाच म्हटलं होतं, स्वतः, भोक आणि दिशा, तुमच्या घराण्याचा सगळा इतिहासच आहे की ह्यात. सासूबाई चार दिवस बोलल्या नव्हत्या. तर त्या अक्षरापायी हे माझ्यासमोर उभे राहून म्हणतायत, ही आपली पोरगी नव्हे.

मी म्हटलं, "अख्ख्या जपानात छत्र्या उघडून मनगट गेलेल्या तानाबे नात्सुहो किती असतील?"

"एक रेघ चुकली की माणूस दुसरा. इथे चौदा चुकल्यात."

"टीव्हीवाल्यांनी सोपं करून लिहिलं असेल."

"वरच्या ओळीत साइतो आडनावाच्या एकाचं जुनं अक्षर नीट लिहिलंय त्यांनी. ज्याने जसं दिलं तसं लिहितात." आणि म्हणाले, "म्हणजे तिनेच असं दिलं. तिला आपलं नाव नको झालं."

आणि ते भिंग खिशात घालायला गेले तर त्यांना खिसाच सापडेना. दोनदा हात शर्टावरून घसरला. मग तसंच मुठीत धरून दुकानात गेले, भाताला हात न लावता.

मला जो संताप आला, जो संताप आला... पोरीचाच. साडेतीन वर्षं मी राक्षस बघितले, लोणची बघितली, गादीवरचं अंडं बघितलं, आणि ही बाई चौदा रेघांचा कंटाळा करते? सहा वाजून दहा मिनिटांनी फोन लावला. झोपेत होती. मी 'कशी आहेस' न विचारता सुरूच केलं. "बापाच्या नावाची लाज वाटते तुला? एकोणीस रेघा ओढायला हात मोडतो? तिथे दिवसाला शेकडो छत्र्या काढतेस, आणि स्वतःच्या घरचं एक 'बे' काढता येत नाही? बाप न जेवता दुकानात जाऊन बसलाय, कळतंय का तुला?"

"आई," ती म्हणाली, "कुठलं 'बे'?"

"पाच रेघांचं! आव आणू नकोस."

"अग, पण ते तूच लिहायचीस ना."

मी म्हटलं, कधी?

"चौथीत. रंगांच्या नळ्यांवर. बाबांनी वह्यांसाठी शिक्का करून दिला होता, पण नळी गोल असते, तिच्यावर शिक्का बसायचा नाही. म्हणून तू काळ्या पेनाने लिहून दिलंस. बारा नळ्यांवर, ब्रशवर, पाण्याच्या डब्यावर. सहावीपर्यंत नळी संपली की नवीवर." आणि मग काय म्हणाली माहितीय? म्हणाली, "मला वाटायचं वह्यांचं 'बे' बाबांचं आणि चित्रांचं 'बे' तुझं. चित्रावर मी नेहमी तेच लिहिते. इथे नाव विचारलं तेव्हाही तेच लिहिलं. चुकलं का?"

आता मला सांगा. करंगळीएवढी नळी, रंगाने बुळबुळीत, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा, आणि त्याच्यावर एकोणीस रेघा? स्वतः, भोक, दिशा, वळसा, बारा वेळा? कारखान्यातून येऊन? अहो, मला ते अक्षर कागदावरही धड येत नाही. लग्नाच्या नोंदणीला ह्यांनीच माझा हात धरून लिहवून घेतलं होतं. मी आपलं लिहिलं, जे येत होतं ते. पोरीचे रंग दुसऱ्या पोरींच्या रंगांत मिसळू नयेत म्हणून. यात माझी काही चूक आहे का?

मी फोन हातात तसाच धरून दुकानात गेले. हे पाठ करून बसले होते, हातात कोरणी, पण कोरत काही नव्हते. मी एका दमात सगळं सांगितलं, नळ्या, ब्रश, डबा, काळं पेन, आणि वर हेही सांगितलं की शिक्के कोरणाऱ्याच्या घरात गोल वस्तूवर बसेल असा एक शिक्का तीन पिढ्यांत कुणाला करता आला नाही, ह्याचा आधी विचार करा. हे ऐकत राहिले. मग हात पुढे केला. कोरणीचा नव्हे, रिकामा. मी फोन दिला.

"हं," हे म्हणाले. साडेतीन वर्षांनी पोरीशी पहिला शब्द, 'हं'. "मी बोलतोय... बघितलं. हो, सातव्या भागात, मधोमध... हो, भिंग लावून." तिकडचं ऐकता ऐकता कानाची पाळी लाल होत होती. "नव्या वर्षासाठी तीस तारखेला किती वाजताच्या गाडीने येतेस ते कळव. स्टेशनवर येतो." मी पदर, म्हणजे ॲप्रन तोंडाला लावला, पण ह्यांचं अजून संपलं नव्हतं. पोरीने तिकडून काहीतरी विचारलं असणार, कारण हे म्हणाले, "नाही, नाही. तू कशाला माफी मागतेस? तुझी काही चूक नाही. घराण्याचं नाव कुणी बिघडवलं ते कळलंय मला." आणि माझ्याकडे न बघता, दाताच्या डॉक्टरकडे पुकारतात तसं, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले,

"तानाबे तोकिए."